ताप आणि उष्माघात: आकडा सारखा, कारण वेगळं

आज शरीराच्या समतोलाबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी एकच उदाहरण घेऊ, तापमानाचं.

डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला उभे राहा किंवा मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात. बाहेरच्या हवेत तीसेक अंशांचा फरक असेल, पण शरीराच्या आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. हे कसं जमतं?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. त्वचेकडून आणि रक्ताकडून त्याला तापमानाची खबर सतत मिळत असते. तापमान वाढलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. उतरलं की त्याच रक्तवाहिन्या आकसतात, आपण कुडकुडतो. म्हणजे काय, तर जो बदल झाला त्याच्या उलट दिशेने काम सुरू होतं आणि बदल भरून निघाला की थांबतं. घरातल्या गिझरसारखंच: पाणी तापलं की बंद, निवलं की सुरू. याला ऋण प्रत्याभरण, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. इथे 'ऋण' म्हणजे वाईट नव्हे, उलट दिशेचं. अशा यंत्रणांनी राखलेल्या समतोलाला अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिलं.

आता बघा, ताप येताना थंडी का वाजते? अंग तर गरम होत असतं! कारण जंतुसंसर्गात हायपोथॅलॅमसची खूणच वर सरकते, समजा ३९ वर. मग ३७ अंशांचं शरीर त्याला 'थंड' वाटतं आणि तो कुडकुडायला लावतो. पॅरासिटामॉल ही खूण खाली आणतं. मग घाम फुटतो, ताप उतरतो. यंत्रणा शाबूत असते, फक्त वेगळ्या आकड्यावर चालत असते.

उष्माघातात तसं नसतं. खूण ३७ वरच असते, पण यंत्रणा हरते. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की उष्णता बाहेर टाकायला घाम हा एकच मोठा मार्ग उरतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण वाळला तरच. ठिबकून जमिनीवर पडला तर उपयोग शून्य. म्हणूनच मुंबईच्या दमट हवेत ३५ अंशांतही जीव नकोसा होतो.

शिवाय घामासाठी पाणी लागतं. ते कमी पडलं की रक्ताचं आकारमान घटतं. मग रक्तदाब सांभाळणारी दुसरी यंत्रणा त्वचेकडचा रक्तपुरवठा कमी करते. एक यंत्रणा उष्णता बाहेर टाकू बघते, दुसरी तोच रस्ता अडवते. दोघीही आपापलं काम चोखच करत असतात, पण तापमान चढत जातं.

सभागृहातून प्रश्न आला आहे: ऊन लागून अंग तापलं, तर तापाची गोळी द्यायची का? नाही. खूण वर गेलेलीच नाही, तर गोळी खाली काय आणणार? उलट तापलेल्या शरीरात आधीच ताण पडलेल्या यकृतावर तिचा भार पडू शकतो.

मग करायचं काय? उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर उष्माघात धरूनच चला. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. १०८ ला फोन करा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. रुग्णवाहिकेची वाट बघत हातावर हात ठेवून बसू नका, कारण शरीर जितका वेळ तापलेलं राहील तितकी मेंदूला इजा वाढते.

घाम वाळवण्याचं काम त्याच्या शरीराला जमत नाहीये. ते तेवढा वेळ आपण बाहेरून करायचं.