घरातले दुरुस्तीचे टेबल

दुकानाचे भाडे परवडत नाही, म्हणून अनेक तरुण पंखे, मिक्सर, टीव्ही दुरुस्तीचे काम घरातल्याच एका कोपऱ्यात सुरू करतात. पण त्याच खोलीत मुले खेळतात, तिथेच दस्तरखान पसरतो. म्हणून टेबल आणि रॅक लावताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात, असे आम्हाला वाटते: लोकांनी सोपवलेल्या वस्तूंची अमानत आणि घरच्यांची तब्येत.

आपल्या मावळात पहिला शत्रू ओल. लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंती पाझरतात, फरशी ओलसर राहते. जमिनीवर ठेवलेल्या सर्किट बोर्डाच्या तांब्यावर हिरवा थर चढतो आणि दुरुस्तीला आलेली वस्तू आणखी बिघडते.

यासाठी भोकांच्या लोखंडी अँगलचा, नट-बोल्टचा रॅक चांगला. त्याच्या फळ्या हव्या तशा वर-खाली करता येतात. पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीला खोल फळी लागे. आजचा पातळ टीव्ही उभा ठेवायला दोन फळ्यांत उंच जागा लागते. काम बदलले तरी नवा रॅक घ्यायला नको. सर्वांत खालची फळी जमिनीपासून फूटभर वर घ्यावी. रॅक भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावा, म्हणजे हवा खेळते. जड वस्तू खाली, हलक्या वर. मुले फळीला लोंबकळतात, म्हणून रॅक वरच्या बाजूने भिंतीला पक्का करावा. सुटे भाग घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी. प्रत्येक वस्तूला मालकाचे नाव, तारीख आणि तक्रार लिहिलेली चिठ्ठी बांधावी.

टेबलाची फळी लाकडी असावी. बसून काम करायला अडीच फूट उंची पुरते. प्लगला अर्थिंग हवेच, शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. करंट अंगातून जमिनीकडे जाऊ लागला की तो क्षणात वीज तोडतो.

सोल्डरच्या नेहमीच्या तारेत ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असते. हे शिसे धुरापेक्षा हातावरून तोंडात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक ठरते. धूर असतो राळेचा. त्याने दमा उसळतो. म्हणून टेबल खिडकीजवळ असावे आणि लहान पंख्याने धूर बाहेर काढावा. टेबलावर चहा-बिस्किटे नकोत. काम संपल्यावर ओल्या फडक्याने टेबल पुसावे, साबणाने हात धुवावेत, मगच बाळाला उचलावे.

सोल्डर, फ्लक्स आणि साफसफाईची रसायने मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवावीत. मुले वाढतात, खुर्चीवर चढायला शिकतात. दर पावसाळ्याआधी रॅक पुसताना ती फळीही एक-दोन भोके वर सरकवावी, आणि खुर्चीवरूनही हात पोहोचू लागला की कुलपाचा डबा आणावा.