नाक्यावरचा इराणी

घोलवडहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यानें चालूं लागलें म्हणजे दोहों बाजूंस चिकूच्या वाड्या लागतात, व त्यांपैकीं कित्येक इराणी कुटुंबांच्या आहेत, हें तुम्हांस निराळें सांगावयास नको. या चिकूची कीर्ति आतां दूरवर गेली आहे. २०१६ सालीं 'डहाणू घोलवड चिकू' या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें व २०२१ सालीं त्याची एक खेप विलायतेस रवाना झाली. परंतु येथें वाड्या लावणाऱ्या या समाजानें मुंबईच्या नाक्यानाक्यावर दुसरेंही एक झाड लाविलें होतें. तें म्हणजे चहाचें दुकान. त्या दुकानाची हकीकत आज सांगावयाची आहे. हकीकत मुंबईची खरी, पण ती आपल्या दारापर्यंत येते.

प्रथम एक चूक दुरुस्त करूं. पारशी व इराणी हे एकच, असें उत्तरपत्रिकांत दरवर्षीं लिहिलेलें सांपडतें. दोघांचा धर्म एक, जरथुश्त्राचा. परंतु येण्याच्या काळांत सुमारें हजार वर्षांचें अंतर. पारशांचे पूर्वज आपल्या पलीकडच्या संजाण बंदरांत उतरले, आणि पुढें संकटकाळीं त्यांनीं आपला पवित्र अग्नि ज्या बहारोटच्या डोंगरांत लपवून राखिला असें परंपरा सांगते, तो डोंगरही येथून जवळच आहे. इराणी म्हणतात ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत व विसाव्याच्या आरंभीं यझ्द व किरमाण या भागांतून आलेले लोक. तेथें त्यांच्यावर जिझिया कर असे; मुंबईच्या पारशांनीं पाठविलेल्या माणेकजी लिमजी हातरिया यांच्या खटपटीनें तो १८८२ सालीं उठला. त्याआधींच १८७०-७२ च्या दुष्काळानें पुष्कळांची कंबर मोडली होती. मुंबईंत चहाचीं दुकानें घालणाऱ्या इराण्यांत मुसलमानही होते, हेंही लक्षांत असूं द्यावें.

या लोकांनीं दुकानासाठीं नाक्याचीच जागा कां धरिली? हिंदु व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, म्हणून ती स्वस्त मिळे, असें सांगतात. तें खरें असेलही. पण मला दुसरें कारण अधिक पटतें. कोपऱ्याच्या दुकानास दोन रस्त्यांकडे दारें, म्हणजे दोन रस्त्यांचें गिऱ्हाईक, आणि उजेड-वारा फुकट.

आंत शिरलें म्हणजे उंच छत, संथ फिरणारे पंखे, संगमरवरी फरशीचीं टेबलें, मध्य युरोपांतून आलेल्या, वाफेनें वांकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, आणि भिंतीभर आरसे. आरसे केवळ शोभेचे नव्हते. गल्ल्यावर बसलेल्या मालकास त्यांतून कोपऱ्यांतलें टेबलही दिसे. काचेच्या बरण्यांत नानकटाई व खारी बिस्किटें. बशींत ब्रून-मस्का, म्हणजे कडक कवचाचा पाव व त्यास सढळ हातानें लावलेलें लोणी. गल्ल्याशेजारीं साबण, आगपेट्या, अंडीं, दाढीचीं पातीं असा बारीकसारीक मालही असे. चहाचें हॉटेल व वाण्याचें दुकान अशीं एकाच छपराखालीं नांदत. पहांटे गिरणीच्या भोंग्याआधीं दार उघडे. प्रथम गिरणी कामगार येई, मग टॅक्सीवाला, मग कचेरीचा कारकून, आणि दुपारीं परीक्षेचें पुस्तक घेऊन चाळींतला विद्यार्थी, ज्यास घरीं बसावयास जागा नसे. एका कपावर तास काढला तरी कोणी उठवीत नसे. अर्थात् भिंतीवर काय करूं नये याची लांबलचक यादीही टांगलेली असे. अशा एका यादीवरून निस्सिम इझिकेल यांनीं इंग्रजींत एक कविताच रचली.

याहूनही मोठी एक गोष्ट आहे. त्या काळच्या शहरांत खाण्यापिण्याचीं ठिकाणें जातीजातींनीं विभागलेलीं असत, आणि 'ब्राह्मणांचें' अशी पाटी दारावर लावण्यांत कोणास संकोच वाटत नसे. दुकानें व सार्वजनिक उपाहारगृहें यांत जातीवरून कोणास मज्जाव करतां येणार नाहीं, हें २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें ठरलें. तसा मज्जाव हा अपराध म्हणून शिक्षेस पात्र ठरविणारा कायदा १९५५ सालचा. इराण्याकडे ही गोष्ट बऱ्याच अंशीं त्यापूर्वींच घडत होती. सर्वच दुकानांत सदैव सारखें वर्तन होतें असें मी म्हणणार नाहीं. परंतु एकंदरीनें पाहतां त्या संगमरवरी टेबलाशीं बसणाऱ्यास 'तूं कोणाचा?' असें कोणी पुसत नसे. पैसे ठेवले कीं चहा येई. ज्यांच्या वडीलधाऱ्यांना गांवच्या पाणवठ्यावर दूर उभें राहावें लागलें, त्यांना या साध्या गोष्टीची किंमत समजते.

हीं दुकानें शेंकड्यांनीं होतीं, आणि आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरत चाललीं आहेत. असें कां झालें?

यांत कायद्याचा भाग मोठा गंमतीचा आहे. १९४७ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा झाला व जुनीं भाडीं जवळजवळ गोठलीं. मोठी जागा, अल्प भाडें. म्हणून चहा स्वस्त ठेवून गिऱ्हाइकास निवांत बसूं देणें परवडे. पण त्याच कारणानें घरमालकास इमारतीच्या दुरुस्तीची हौस उरली नाहीं, आणि बाहेर जागेची किंमत वाढतच गेली. शेवटीं वर्षभर चहा विकून जें हातीं लागे, त्याच्या कित्येक पटींनीं अधिक पैसे जागा सोडून देण्यांत मिळूं लागले. त्यांतून पुष्कळ दुकानें भागीदारीचीं. एक भागीदार वारला कीं त्याच्या वारसांस चहापेक्षां वांटणींतच गोडी. म्हणजे ज्या कायद्यानें दुकान तगविलें त्यानेंच तें आंतून पोखरलें. त्यांत १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढें गिरण्याच बंद पडत गेल्या, आणि पहांटेचें गिऱ्हाईक नाहींसें झालें. उडुपी हॉटेलांची चढाओढ होतीच.

परंतु मला वाटतें, खरें कारण याहून आपल्या जवळचें आहे. पहांटे उठून भट्टी पेटविणाऱ्या बापास, आपल्या मुलानेंही तेंच करावें असें वाटत नव्हतें. त्यानें मुलास चांगल्या शाळेंत घातलें. मुलगा शिकला, डॉक्टर किंवा इंजिनियर झाला, कोणी परदेशीं गेला. मग गल्ला रिकामा राहिला, तो गिऱ्हाईक नव्हतें म्हणून नव्हे, त्यावर बसणारा नव्हता म्हणून. या दुकानांच्या दारांस कुलूप लावण्यांत आम्हां मास्तरांचाही हात आहे, हें कबूल केलें पाहिजे.

ग्रँट रोड स्टेशनाजवळचें १९१४ सालचें मेरवान बंद होणार, अशी वार्ता २०१४ सालीं पसरली, तेव्हां तेथील मावा केकसाठीं लोकांची झुंबड उडाली. दुकान डागडुजीनंतर पुन्हा उघडलें. परंतु ज्यांनीं वर्षानुवर्षें तेथें पाऊल टाकलें नव्हतें, तेही त्या दिवसांत हळहळत होते. मला ही हळहळ थोडी स्वस्त वाटते. धोबी तलावचें १९०४ सालचें कयानी व बॅलर्ड इस्टेटमधील १९२३ सालचें ब्रिटानिया अशीं जीं थोडीं नांवें टिकलीं, तीं हळहळीवर टिकलीं नाहींत. त्या घरांतलें कोणीतरी रोज गल्ल्यावर येऊन बसलें, म्हणून टिकलीं.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. १६ एप्रिल २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊं लागली, व शहर आणखी जवळ आलें. गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत मीं विचारलें, "ज्यांच्या घरीं दुकान किंवा वाडी आहे, त्यांनीं हात वर करावे." पुष्कळ हात वर झाले. मग विचारलें, "पुढें तें चालविणार कोण?" दोनच हात उरले, आणि त्यांतला एक डोकें खाजविण्यासाठीं वर होता. उरलेल्या एका मुलीस मीं कारण पुसलें. ती म्हणाली, "सर, बाबांना कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी किती, तें वही न पाहतां सांगतां येतें. तें मला अजून येत नाहीं." तिच्या वडिलांची इच्छा मात्र तिनें परिचारिका व्हावें अशी आहे. पालकसभेस ते आले होते. मीं त्यांस मुलीचें उत्तर सांगितलें. ते हंसले, थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत, आणि मग म्हणाले, "मास्तर, तिला दोन्ही शिकूं द्या."

दिवाळीच्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या आळींतील एखाद्या दुकानांत जावें, आणि दहा वर्षांपूर्वीं तेथें काय विकत असत व आज काय विकतात, याची यादी दुकानदारास विचारून लिहून आणावी. पैसे रोख येतात कीं उधार, कीं मोबाइलवर, हेंही विचारावें. गिऱ्हाइकाची गर्दी असेल तेव्हां मात्र जाऊं नये. ज्या याद्या नीट लिहिलेल्या असतील त्या पुढील अंकांत छापण्यांत येतील.