घोडे नेमके कुठे पेंड खाते?

घरातला जुना संगणक कुरकुरू लागला की एखादा भाचा किंवा शेजारचा इंजिनीअर मुलगा हमखास सांगतो, ‘हार्ड डिस्क काढा, एसएसडी बसवा. मग बघा कसा पळतो ते!’ सल्ला चुकीचा नसतो. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या मारत असतात आणि हवी ती माहिती फिरून समोर येईपर्यंत संगणकाला खोळंबावे लागते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तोशिबा कंपनीतील जपानी संशोधक फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडलेल्या फ्लॅश मेमरीवर तिचा सारा कारभार चालतो.

तरीही काही घरांत ही नवी पाहुणी थोड्याच दिवसांत रेंगाळू लागते. खोक्यावर सेकंदाला ५५० मेगाबाइट असे छापलेले आणि लग्नाचे फोटो उतरवताना पडद्यावरचा आकडा तिसावर घुटमळतो. ‘दुकानदाराने फसवले’ असा निकाल लागतो आणि दुसरी एसएसडी आणण्याची भाषा सुरू होते. वास्तविक दोष पुष्कळदा डिस्कमध्ये नसतो, तिच्या वाटेत असतो. ती वाट घरबसल्या, पदरचा पैसा न मोडता तपासता येते.

मात्र त्याआधी एक काम. फोटो, कागदपत्रे, हिशेब यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. हार्ड डिस्क जाण्यापूर्वी बरेचदा खडखडाट करून सूचना देते. एसएसडी कसलाही आवाज न करता एका सकाळी डोळे मिटू शकते.

आता पहिला प्रश्न : फोटो कुठून येत होते? जुन्या पेन ड्राइव्हवरून येत असतील तर वेग त्या पेन ड्राइव्हचाच. टाकी केवढीही असो, पाणी तोटीएवढेच येणार. दुसरे म्हणजे, एक मोठा चित्रपट आणि हजारो लहान फायली यांत फरक आहे. एसटीत प्रवासी एकेक तिकीट फाडून चढू लागले की गाडी कितीही वेगवान असली तरी स्थानकातच वेळ जातो. खोक्यावरचा आकडा मोठ्या, सलग फायलीचा असतो. तो पडताळायला क्रिस्टलडिस्कमार्क हा मोफत प्रोग्राम पुरतो.

या चाचणीचा आकडा बोलका असतो. साटा पद्धतीची एसएसडी २७०-२८० मेगाबाइटवर अडकली, तर ती बहुधा मदरबोर्डवरच्या जुन्या, ३ गिगाबिटच्या खाचेत बसली आहे. ६ गिगाबिटची खाच मिळाली की आकडा ५५०च्या जवळ जातो. पुष्कळ जुन्या बोर्डांवर दोन्ही खाचा शेजारीशेजारी असतात. संगणक बंद करून, वीज काढून केबल पलीकडच्या खाचेत लावायची, एवढेच काम. केबल सैल किंवा सदोष असेल तर माहिती पुन्हा पुन्हा पाठवावी लागते, तेव्हा तीही बदलून पाहावी. च्युइंगगमच्या पट्टीसारख्या एम-टू डिस्कचेही तसेच. काही बोर्डांवरच्या दोन खाचांपैकी एक कमी क्षमतेची असते. कुठली, ते बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

कॉपी सुरुवातीला सुसाट आणि नंतर एकदम मंद होत असेल, तर कारण निराळे. स्वस्त एसएसडी आपल्या जागेचा काही भाग जलद लिखाणासाठी राखून ठेवते. तो भरला की वेग कोसळतो, कधी हार्ड डिस्कच्याही खाली. थोडी उसंत दिली की ती सावरते. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर ही राखीव जागाच आक्रसते. म्हणून दहा-पंधरा टक्के जागा रिकामी ठेवावी. शिवाय फ्लॅशमध्ये जुन्या मजकुरावर थेट नवे लिहिता येत नाही, आधी पुसावे लागते. कोणती जागा निकामी झाली हे डिस्कला कळवणारी ‘ट्रिम’ नावाची सोय २००९च्या विंडोज सेव्हनपासून आहे. ‘ऑप्टिमाइझ’च्या बटणाने ती हाताने चालवताही येते. एम-टू डिस्क ग्राफिक्स कार्डाखाली तापत असेल तर स्वतःला वाचवण्यासाठी ती वेग उतरवते. तेव्हा पंखा आणि धूळ यांकडेही पाहावे.

एवढे सगळे ठीक असूनही डिस्क मंद असू शकते. सॅमसंगच्या ‘८४० इव्हो’ या खपाच्या एसएसडीत २०१४ साली विचित्र तक्रार पुढे आली : नव्या फायली झटपट उघडत, पण काही आठवडे न हलवलेल्या फायली वाचताना डिस्क रखडे. पेशींमधला विद्युतभार काळानुसार थोडा सरकत होता आणि डिस्कच्या आतला कारभारी प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, तो वाचताना अडखळत होता. कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये उपाय दिला. दुखणे उलटले तेव्हा २०१५ मध्ये पुन्हा नवे फर्मवेअर दिले. म्हणजे दोष डिस्कचाच होता, तरी तिच्यावरचा उपायही विनामूल्य निघाला.

म्हणून क्रम लक्षात ठेवावा : आधी प्रत, मग मोजमाप, मग खाच आणि केबल, मग रिकामी जागा, उष्णता आणि फर्मवेअर. त्यानंतरही आकडा हलला नाही तर वॉरंटीचा कागद शोधावा. नवी एसएसडी ही या यादीतली शेवटची ओळ. वेग आज ना उद्या परत मिळतो. प्रत न काढलेले फोटो गेले की परत येतीलच असे नाही.