फाट्यापलीकडची कासारवाडी

सुट्टी लागली की आपल्यापैकी कितीतरी जण नाशिक फाट्यावर उतरतात. कोणी नारायणगावची एसटी पकडतो, कोणी लोणावळा लोकल. पण "कासारवाडी कशी आहे रे?" असं विचारलं तर उत्तर एकच, "ट्रॅफिक फार!" म्हणून ही थोडी ओळख.

कासार म्हणजे तांब्या-पितळेची भांडी आणि बांगड्या विकणारे. नाव जुन्या धंद्याचं असलं तरी आजची कासारवाडी कारखान्यांबरोबर वाढली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आली आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. वाफेवर चालणाऱ्या यंत्रणेसाठी प्रसिद्ध असलेली फोर्ब्स मार्शल कासारवाडीचीच. मेकॅनिकलवाल्यांना हे नाव सांगायला नको!

आता ड्रॉइंगच्या तासाला घेतो तसा या भागाचा एक सेक्शन घेऊ. पश्चिमेला पवना नदी, तिच्या पलीकडे पिंपळे गुरव. नदीच्या अलीकडे वस्ती. मग रेल्वे; मुंबईकडून येणारी ही लाईन १८५८ मध्ये पुण्याला पोहोचली. रेल्वेशेजारी जुना मुंबई-पुणे हायवे. हायवेला धरून वरून मेट्रो जाते, ती मार्च २०२२ पासून. त्यापलीकडे भोसरी एमआयडीसी.

म्हणजे लांब जाणाऱ्याची इथे चैन आहे. पुणे, लोणावळा, नाशिक, कुठेही जा. पण वस्तीतल्या माणसाला समोरच्या बाजूच्या कंपनीत जायचं असेल तर? आधी रेल्वे ओलांडा, मग हायवे. गाडीवाल्यांसाठी फाट्यावर भारतरत्न जे. आर. डी. टाटा दुमजली उड्डाणपूल आहे. पायी जाणाऱ्याला मात्र जिना चढा, नाहीतर वळसा घाला. मग घाईत कोणी सरळ रुळांवर उतरतो. लोकल इथे थांबते, पण एक्सप्रेस थांबत नाही, ती वेगातच येते. हे जिवाशी खेळणं झालं.

बरं, सांगायचं कोणाला? लंडनमध्ये ३२ बरो आहेत आणि प्रत्येकाची लोकांनी निवडून दिलेली स्वतःची कौन्सिल आहे. आपल्याकडे महापालिकेची आठ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. कासारवाडी 'ह' मध्ये येते. पण रूळ मध्य रेल्वेचे, मेट्रो महामेट्रोची आणि रस्ता महापालिकेचा. तिघांची हद्द वेगळी, ओलांडणारा माणूस मात्र एकच!

आपण उद्याचे इंजिनिअर. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधताना सिव्हिलवाल्यांनी एकदा फाट्यावर नुसतं उभं राहावं. किती गाड्या जातात ते सगळेच मोजतात. किती माणसं कुठून ओलांडतात, तेही मोजून बघा. आणि आपण स्वतः? लोकल चुकली तरी चालेल, पण जिन्यानेच जा.