धागा तुटला, माग थांबला!



आमची जिल्हा परिषदेची शाळा नांदेड-लातूर रस्त्याच्या अगदी कडेला आहे. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन झाली, की चौथीची मुलं कुंपणाशी ओळीनं उभी राहतात आणि गाड्या मोजतात. लाल एसटी किती, काळी-पिवळी किती, उसाचे ट्रॅक्टर किती! एक दिवस एक भली मोठी पांढरी गाडी फाटकासमोर थांबली. ड्रायव्हरकाका पाणी प्यायला आत आले, तेवढ्यात पोरांनी गाडीला गराडा घातला. एकानं मागच्या बाजूचं नाव अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "बाई, टोयोटा हे गावाचं नाव हाय का माणसाचं?"

मी पटकन म्हटलं, "अरे, कंपनीचं नाव आहे ते!" सगळे हसले, तोही हसला. पण घरी जाऊन शोधलं, तेव्हा मीच चकित झाले. त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. ते माणसाचंही नाव आहे आणि गावाचंही! ते कसं, हे सांगतेच. पण त्याआधी आमच्या वर्गानं काय केलं ते ऐका.

मी मुलांना घरचा अभ्यास दिला. ज्यांच्याकडे गाडी आहे किंवा जे गाडी चालवतात, त्यांना दोन प्रश्न विचारून यायचं. तुमची गाडी तुम्हाला का आवडते? आणि काय आवडत नाही? चार दिवसांत वह्या भरल्या.

नांदेडच्या हुजूर साहिब स्टेशनवरून यात्रेकरूंना माहूर, औंढा नागनाथ फिरवणारे एक काका इनोव्हा चालवतात. ते म्हणाले, "तीन लाख किलोमीटर झाले, अजून इंजिन उघडलं नाही. पण तेल मी वेळेवर बदलतो बरं का! गाडी चांगली असली म्हणून जपायचं सोडायचं नसतं." दुसऱ्या एकांकडे पूर्वी क्वालिस होती. तिच्यातून त्यांनी रात्री-अपरात्री कितीतरी पेशंट लातूरला पोचवले. ते म्हणाले, "तिनं मला कधी रस्त्यात सोडलं नाही." एका निवृत्त गुरुजींकडे दुसऱ्या कंपनीची लहान गाडी आहे. ते म्हणाले, "इनोव्हा भारी खरी, पण एवढी किंमत आमच्या पेन्शनीत बसत नाही. आम्हा दोघांना आमची छोटीच बरी."

एक उत्तर मात्र वेगळं होतं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्या काकांच्या नव्या गाडीतून पहिल्या महिन्यापासून खडखड आवाज यायचा. ते चार वेळा दाखवायला गेले. दर वेळी एकच उत्तर मिळालं, "सगळ्यांचीच अशी वाजते, वापरा तुम्ही!" आमच्या विद्यार्थिनीनं वहीत खाली लिहिलं होतं, 'काकाला आवाजाचा राग नव्हता. कोणी ऐकलं नाही याचा राग होता.'

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग मी टोयोटाची गोष्ट मुळापासून वाचली. ती गोष्ट सुरू होते मोटारीपासून नाही, मागापासून!

जपानमध्ये १८६७ साली एका खेड्यातल्या सुताराच्या घरी साकिची टोयोडा जन्मला. त्या भागात घरोघरी बायका हातमागावर कापड विणायच्या. साकिचीची आईसुद्धा विणायची. तिचे कष्ट तो बघायचा. वडिलांकडून सुतारकाम शिकलेल्या या मुलाला एकच ध्यास लागला, माग सुधारायचा. लोक म्हणायचे, पोरगं वाया गेलं! १८९१ मध्ये त्याला लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट मिळालं. तेव्हा तो होता फक्त २४ वर्षांचा.

माग तुम्ही पाहिलाय का? आपल्या लातूर जिल्ह्यात उदगीरला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं केंद्र आहे. समितीचं कार्यालय नांदेडला. आपल्या राष्ट्रध्वजासाठी लागणारी खादी तिथं हातमागावर विणली जाते. मी एकदा मुलांना तिथं नेलं होतं. मागावर शेकडो उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे पळतो. मध्येच एक उभा धागा तुटला. मागावरच्या मावशींनी लगेच हात थांबवला, गाठ मारली आणि पुन्हा काम सुरू केलं. मी विचारलं, "एका धाग्यासाठी एवढं काय थांबायचं?" मावशी म्हणाल्या, "बाई, आत्ता नाही थांबलं तर पुढचं सगळं कापड बिघडतंय की."

हातमागावर माणसाचं लक्ष असतं. पण इंजिनावर चालणाऱ्या मागाला डोळे कुठून येणार? धागा तुटला तरी तो आपला धडाधड विणतच सुटतो. मग प्रत्येक मागाजवळ एक माणूस नुसता पहारा करत उभा! साकिचीनं यावर बरीच वर्षं डोकं चालवलं. त्यामागची युक्ती मोठी गमतीची आहे. प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ धातूची पट्टी अडकवायची. धागा ताणलेला असेपर्यंत पट्टी वर राहते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, आणि ती पडली की माग आपोआप बंद! १९२४ मध्ये साकिची आणि त्याचा मुलगा किइचिरो यांनी असा स्वयंचलित माग तयार केला. आता एकच कामगार कितीतरी मागांकडे बघू शकत होता. तो माग इतका नावाजला, की १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या प्रसिद्ध कंपनीनं एक लाख पौंडांचा करार करून त्याचे हक्क घेतले. विचार करा, ज्या इंग्लंडनं जगाला गिरणी शिकवली, तेच जपानी सुताराच्या पोराकडून माग घ्यायला आलं!

किइचिरोला वेड होतं मोटारीचं. १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच त्यानं मोटारीचा विभाग उघडला. १९३६ मध्ये पहिली मोटार विकायला आली आणि १९३७ मध्ये स्वतंत्र कंपनी झाली. नाव मात्र 'टोयोडा' नाही, 'टोयोटा' ठेवलं. जपानी लिपीत टोयोटा लिहायला आठ रेघा लागतात आणि आठ हा तिथं शुभ आकडा मानतात. बरं, टोयोडा या आडनावाचा अर्थ काय असावा? भरघोस पिकाचं शेत! पुढं १९५९ मध्ये कारखाना असलेल्या कोरोमो शहराचं नावच बदलून टोयोटा ठेवलं. म्हणजे आमच्या चौथीतल्या पठ्ठ्याचा प्रश्न बरोबरच होता की नाही?

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. युद्धानंतर कंपनी कर्जात बुडाली. १९५० मध्ये दीड हजारांहून जास्त कामगारांना काम सोडावं लागलं. मोठा संप झाला. जबाबदारी घेऊन किइचिरोनं अध्यक्षपद सोडलं आणि १९५२ मध्ये तो वारला. नंतर कंपनी सावरली, ती साकिचीच्याच युक्तीवर. ताइइची ओनो नावाच्या इंजिनिअरनं मागाचा नियम मोटारीच्या कारखान्यात आणला. काम करताना काही चुकलेलं दिसलं, की साध्यातल्या साध्या कामगारानंही डोक्यावरची दोरी ओढायची. दिवा लागतो, मुकादम धावत येतो आणि गरज पडली तर काम थांबतं. दोरी ओढली म्हणून कोणी रागवायचं नाही. उलट 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा, म्हणजे चुकीचं मूळ सापडतं.

आता कळलं ना, आमचे ड्रायव्हरकाका "रस्त्यात सोडलं नाही" असं का म्हणतात? गाडी रस्त्यात थांबू नये म्हणून ती बनवणारे लोक कारखान्यात थांबतात.

या गोष्टीत आपलं एक मराठी नावही आहे. साकिचीच्या जन्मानंतर दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये, बेळगाव जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. त्यांनी सायकलीचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर बनवले. शेतकरी ते नांगर घेईनात. लोखंडानं जमीन नासेल अशी त्यांना भीती वाटे! लक्ष्मणराव खचले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर त्यांनी कारखाना उभारला, तीच किर्लोस्करवाडी. एकानं आईसाठी माग सुधारला, एकानं शेतकऱ्यासाठी नांगर. १९९५ मध्ये या दोन्ही घराण्यांच्या कंपन्या भारतात एकत्र आल्या, त्या आधी सूतगिरणीच्या यंत्रांसाठी. मग १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर सुरू झाली आणि बंगळूरजवळ बिडदीला कारखाना झाला. २००० मध्ये क्वालिस आली, २००५ मध्ये तिच्या जागी इनोव्हा. आणि जुलै २०२४ मध्ये आपल्या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरला, मोटारींचा कारखाना काढण्यासाठी सुमारे २० हजार कोटी रुपयांचा करार महाराष्ट्र सरकारबरोबर झाला.

पण दोस्तांनो, शहाणी माणसंही विसरतात. जगात पहिला नंबर मिळवायच्या धावपळीत टोयोटाही आपला नियम विसरली. अमेरिकेत काही गाड्यांचा वेग आपोआप वाढतो अशा तक्रारी आल्या. काहींत पायाखालची चटई पॅडलला अडकायची, काहींत पॅडलच चिकटायचं. अपघात झाले, माणसं गेली. २००९-१० मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये साकिचीचे पणतू अकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीसमोर उभे राहिले आणि त्यांनी माफी मागितली. आम्ही फार वेगानं वाढत गेलो, असं त्यांनी कबूल केलं. ग्राहकांना खरी माहिती दिली नाही म्हणून २०१४ मध्ये कंपनीला १२० कोटी डॉलर भरावे लागले. ज्या घराण्यानं जगाला थांबायला शिकवलं, तेच घराणं थांबायला विसरलं होतं.

हे वाचताना मला माझाच वर्ग दिसायला लागला.

वर्गात एक मुलगा आहे. नाव सांगत नाही. त्याचा भागाकार नेहमी चुकायचा. मी ओरडायची, "लक्ष कुठं असतं तुझं?" त्या दिवशी मात्र मी ओनोसारखं पाच वेळा 'का' विचारायचं ठरवलं. भागाकार का चुकला? सातचा पाढा येत नव्हता. का येत नव्हता? वर्गानं पाढे केले तेव्हा, दुसरीत, तो शाळेत नव्हता. का? आईबाबांबरोबर ऊसतोडीला गेला होता. दिवाळीनंतर गेलेला तो उन्हाळ्यात परत आला. मग आल्यावर शिकला का नाही? कोणी शिकवलं नाही. का शिकवलं नाही?

दुसरीचा वर्गही माझ्याकडेच होता, मुलांनो. पाचव्या 'का'चं उत्तर मीच होते. मी पुढच्या धड्याला लागले होते. धागा तुटला होता, पट्टी पडली होती, आणि मी दोन वर्षं माग चालवत राहिले.

मग मी वर्गात एक दोरी बांधली. तिच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली जुनी घंटी. ज्याला समजलं नाही त्यानं ओढायची. आठवडाभर कोणीही ओढली नाही! मला वाटलं, फसला प्रयोग. नंतर लक्षात आलं, सगळे हसतील याची भीती वाटत होती. मग एकदा फळ्यावर माझाच हिशेब चुकला, तेव्हा मीच जाऊन घंटी वाजवली. "मुलांनो, बाई चुकल्या. थांबू या." वर्ग गप्प झाला. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा उठला, दोरी ओढली आणि म्हणाला, "बाई, सातचा पाढा पहिल्यापासून घ्या."

घेतला. पोर्शन मागं पडला, हे खरं. एक सहकारी म्हणालेही, "असं थांबत बसलात तर पुस्तक कधी संपणार?" तो मुलगा अजूनही कधीकधी चुकतो. पण आता कुठं चुकलं ते त्याला सांगता येतं.

आईबाबांनो, एक शब्द तुमच्यासाठी. आपल्या भागात 'लातूर पॅटर्न'चं नाव सगळ्या घरांत घेतलं जातं. पुन्हा पुन्हा सराव पेपर सोडवायचे, चुका शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या, ही त्याची खरी ताकद. आपण मात्र बऱ्याचदा त्यातली फक्त धाव उचलतो. नववीतलं पोर "मला कळत नाही" म्हणालं, की आपण म्हणतो, "एवढी फी भरली, आणि आता सांगतोस?" त्यानंतर ते सांगणं बंद करतं. माग चालूच राहतो आणि बिघडलेलं कापड दिसतं ते थेट बारावीला.

तर मित्रांनो, या सुट्टीत दोन गोष्टी करून पाहा.

घरातल्या किंवा शेजारच्या कोणाला विचारा, तुमच्या गाडीचं किंवा पंपाचं किंवा पिठाच्या गिरणीचं काय चांगलं, काय वाईट? उत्तर वहीत जसंच्या तसं लिहा.

आणि तुमच्या कोणत्याही एका चुकलेल्या गणिताला पाच वेळा 'का' विचारा. खरी उत्तरं द्या, लाजू नका. शेवटी काय सापडलं ते बाईंना किंवा गुरुजींना सांगा, आणि आम्हालाही पत्रानं जरूर कळवा.

आणि हो, कोणी विचारलं, टोयोटा हे गावाचं नाव की माणसाचं, तर माझ्यासारखे हसू नका!