एक शर्ट आणि एक किलो कापूस

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत, हे आपण शाळेपासून घोकत आलो आहोत. अन्नातील भेसळीविषयी आपण जागरूक असतो. परंतु अंगावरचे वस्त्र न्यायाने तयार झाले की अन्यायाने, हा विचार सहसा मनात येत नाही. आपला कळंब तालुका कापसाचा. तेव्हा हा प्रश्न आपण नाही विचारायचा तर कोणी?

प्रथम थोडा हिशेब पाहू. एक क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये सुमारे ३४ किलो रुई निघते; बाकीची बहुतेक सरकी. एका सुती शर्टाला अंदाजे पाव किलो कापड लागते. घट धरली तर शर्टामागे साधारण एक किलो कापूस झाला. माझी आई दरवर्षी वेचणीला जाते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि माझी फी त्याच पैशांतून भरली जाते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. अलीकडे ती दहा रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे सात-आठशे रुपयांच्या शर्टात वेचणाऱ्या बाईचा वाटा दहा रुपये!

मजुरीइतकाच जिवाचाही प्रश्न आहे. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ना हातमोजे, ना तोंडाला धड फडके. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत उडालेले औषध तोंडावरच येते. कापडाच्या दुसऱ्या टोकालाही तीच कथा. २०१३ साली बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारे अकराशेहून अधिक कामगार मेले.

यावर उपाय नाही काय? त्यासाठी फार दूर जायला नको. शेजारच्या वर्ध्यात हा विचार फार पूर्वी झाला आहे. १९३५ साली महात्मा गांधींनी चरखा संघापुढे प्रश्न मांडला, की सूत कातणाऱ्या बाईचे पोट भरत नसेल तर ती खादी कसली? आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, असा त्यांचा आग्रह होता. खादी महाग होईल, गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती कार्यकर्त्यांना वाटली. आठ आणे काही लगेच मिळाले नाहीत. परंतु किमान अन्नवस्त्र भागेल एवढी मजुरी द्यावी, हे तत्त्व संघाने मान्य केले. १९३८ साली गांधीजींच्याच हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालय सुरू झाले. आज त्या संस्थेतर्फे रासायनिक खते-औषधांवाचून पिकवलेल्या कापसाची खादी तयार होते आणि ती वनस्पतिजन्य रंगांत रंगवली जाते.

महागाईची ती भीती आजही दाखवली जाते. पण वरचाच हिशेब पुन्हा मांडून पाहा. वेचणीची मजुरी दुप्पट केली, तरी शर्ट फार तर दहा-वीस रुपयांनी महाग होईल. तेवढा भार गिऱ्हाइकाला जड नाही. वेचणाऱ्या घरात मात्र त्याने एक वही, एक औषधाची बाटली अधिक येईल.

मित्रहो, 'सेंद्रिय' किंवा 'पर्यावरणपूरक' अशी चिठ्ठी पाहून समाधान मानू नका. जमीन वाचली, पण राबणाऱ्या माणसाला काय मिळाले, हेही दुकानदाराला विचारा. त्याला उत्तर देता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही विचारा, शंभर गिऱ्हाइकांनी विचारले, तर त्यालाही पुढे कुणाला तरी विचारावेच लागेल.