छोटा मिररलेस कॅमेरा घेताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंबाजोगाईत हौशी छायाचित्रकाराला विषयांची वाण नाही. हत्तीखान्याच्या लेण्यांतले दगडी हत्ती, बाराखांबीचे यादवकालीन कोरीव खांब, मुकुंदराजांच्या समाधीभोवतीची बालाघाटाची दरी, मार्गशीर्षातला योगेश्वरीचा उत्सव, आणि गाडी काढली तर मांजरा धरणाचा काठ. अडते ते कॅमेऱ्यापाशी. जुना डीएसएलआर खांद्याला जड होऊ लागतो, मोबाइलने मन भरत नाही आणि दुकानाच्या काचेआड लेन्स बदलता येणारे छोटे मिररलेस कॅमेरे खुणावत असतात. अशा वेळी मित्र, दुकानदार आणि लग्नाचे फोटो काढणारे ओळखीचे स्टुडिओवाले असे सगळेच सल्ले देतात. त्यातले बरेच अर्धवट खरे असतात, आणि पाऊण लाखाच्या खरेदीत अर्धवट खरे महागात पडते.

आधी मिररलेस म्हणजे काय ते पाहू. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये एक आरसा असतो. तो वर-खाली व्हायला जागा लागते, म्हणून निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर दूर आहे. आरसा काढून टाकल्यावर नव्या झेड माउंटमध्ये हेच अंतर १६ मिलिमीटरवर आले. बॉडी बारीक झाली ती यामुळे. पॅनासॉनिक आणि ऑलिंपस यांनी ऑगस्ट २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स ही पद्धत जाहीर केली. त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी१ आला, पुढच्या वर्षी ऑलिंपसचा पेन ई-पी१, आणि २०१० मध्ये सोनीचे नेक्स. कॅनन आणि निकॉन फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरले ते थेट २०१८ मध्ये.

‘बॉडी छोटी, म्हणजे बॅग हलकी’

हे निम्मे खरे आहे. निकॉन डी७५०० या डीएसएलआरची बॉडी बॅटरीशिवाय ६४० ग्रॅमची, तर त्याच आकाराच्या सेन्सरचा मिररलेस झेड५० ३९५ ग्रॅमचा. त्याची १६-५० किट लेन्स १३५ ग्रॅमची. इथपर्यंत फायदा खणखणीत आहे. पण लेन्स किती मोठी होणार हे मुख्यतः सेन्सरचा आकार आणि लेन्सचे तोंड ठरवते, त्यात आरशाचा वाटा थोडा. सोनीची फुल फ्रेमसाठीची ७०-२०० एफ २.८ लेन्स, नवी हलकी आवृत्ती घेतली तरी, एक किलोच्या वरच भरते. मायक्रो फोर थर्ड्सवर तेवढाच दृश्यकोन देणारी पॅनासॉनिकची ३५-१०० एफ २.८ साधारण ३६० ग्रॅमची आहे. म्हणून दुकानात नुसती बॉडी हातात घेऊन वजन जोखू नका. ज्या दोन लेन्स तुम्ही खरोखर वापरणार, त्या लावून जोखा.

‘छोटा सेन्सर म्हणजे हलक्या दर्जाचा फोटो’

हा गैरसमज सर्वांत पक्का, म्हणून त्यावर जरा थांबतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी, ज्याला आपण सरसकट क्रॉप म्हणतो, तो साधारण ३६५. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३, म्हणजे २२५ चौरस मिलिमीटर, फुल फ्रेमच्या जवळपास पाव. तीच लेन्स-उघडीप आणि तोच शटर ठेवला, तर छोट्या सेन्सरवर एकूण प्रकाशही पावपट गोळा होतो. अंधारात त्याच्या फोटोत दाणे लवकर दिसतात ते त्यामुळेच. छायाचित्रणाच्या हिशेबात हा फरक सुमारे दोन स्टॉपचा.

हा फरक कुठे जाणवतो ते मात्र विषयावर ठरते. हत्तीखान्याच्या मंडपात भर दुपारीही आत काळोख दाटलेला असतो, पण दगडी शिल्प जागचे हलत नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवा, आयएसओ २०० करा, शटर दोन-चार सेकंद उघडा राहू द्या. दगडावरचे छिन्नीचे घाव मायक्रो फोर थर्ड्सवरही स्वच्छ उमटतील. ट्रायपॉड नसेल तरी बॉडीतली थरथर रोखणारी यंत्रणा बराच हात देते. याउलट उत्सवातल्या रात्रीच्या पालखीत माणसे चालत असतात. हाताची थरथर यंत्रणा थांबवते, पालखीच्या भोयाचा पाय ती थांबवू शकत नाही. तिथे शटर वेगवान लागतो, मग आयएसओ चढतो, आणि मोठा सेन्सर किंवा मोठ्या तोंडाची लेन्स आपली किंमत वसूल करते.

धरणाच्या काठावर पारडे पुन्हा फिरते. मायक्रो फोर थर्ड्सवर ३०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या ६०० मिलिमीटरएवढा अरुंद दृश्यकोन देते, आणि अशी पॅनासॉनिकची १००-३०० लेन्स सुमारे अर्ध्या किलोची आहे. सकाळी चालत जाऊन पाणपक्षी टिपणाऱ्यासाठी ही चैन नव्हे, सोय आहे.

एफच्या आकड्याबद्दलही इथेच गोंधळ होतो. ‘मायक्रो फोर थर्ड्सवर एफ १.८ म्हणजे प्रत्यक्षात एफ ३.६’ असे सांगितले जाते. उजेडाच्या मोजणीत एफ १.८ हा एफ १.८च राहतो, शटर तोच येतो. फरक पडतो तो वर सांगितलेल्या एकूण प्रकाशात आणि मागचे दृश्य धूसर होण्यात, आणि तेवढ्यापुरती ३.६ची तुलना बरोबर आहे. पोर्ट्रेटमध्ये पार विरघळलेली पार्श्वभूमी हाच तुमचा जीव की प्राण असेल, तर मोठ्या सेन्सरकडेच जा.

‘मेगापिक्सेल जास्त तो कॅमेरा चांगला’

लग्नाच्या अल्बमचे १२ बाय १८ इंचांचे पान ३०० डीपीआयवर छापायला सुमारे १९ मेगापिक्सेल लागतात. ए-४ कागदाला नऊच्या आत भागते, फोर-के टीव्हीला तर साडेआठही लागत नाहीत. आज दुकानात मिळणारे बहुतेक मिररलेस २० च्या पुढेच आहेत. विषय संपला.

‘ॲडॉप्टर लावला की जुन्या सगळ्या लेन्स चालतात’

बसतात सगळ्या, चालतात सगळ्याच असे नाही. कॅननच्या ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर कंपनीच्याच ॲडॉप्टरने उत्तम चालतात, ऑटोफोकससकट. निकॉनवाल्यांनी मात्र सावध राहावे. अनेकांच्या कपाटात असलेल्या ५० एफ १.८ डी या लेन्सला स्वतःची मोटर नाही, आणि निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्येही ती नाही. फोकस हाताने करावा लागेल. एएफ-एस लिहिलेल्या लेन्सचा ऑटोफोकस मात्र चालतो. जुनी लेन्स सोबत घेऊन जा आणि दुकानातच लावून पाहा.

‘आवाज न करणारा शटर म्हणजे कायमच फायदा’

कीर्तनात किंवा मुंजीत खटखट न होणे ही मोठी सोय आहे, शंका नाही. पण बहुतेक कॅमेऱ्यांत हा इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. मंडपात साधे एलईडी लावलेले असतील आणि तुम्ही १/५०० वर मूक शटर वापरलात, तर नवरीच्या शालूवरून काळपट आडवे पट्टे जातात. मागून ते धड काढता येत नाहीत. यांत्रिक शटर निवडा, किंवा १/१०० अथवा १/५० वर या. काही सजावटीचे एलईडी वेगळ्याच वेगाने लुकलुकतात. तेव्हा विधी सुरू होण्याआधी दोन फोटो काढून स्क्रीनवर मोठे करून बघावेत.

‘कंपनी मोठी, म्हणजे सिस्टिम टिकणारच’

बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स पंधरा वर्षे राहतात. म्हणून तुम्ही खरे तर माउंट विकत घेत असता. निकॉनने २०११ मध्ये निकॉन १ ही छोटी मालिका आणली आणि २०१८ मध्ये बंद केली. कॅननची ईओएस एम २०१२ ची, तीही २०२३ मध्ये संपली, आणि तिच्या लेन्स कॅननच्याच नव्या आरएफ बॉडीवर बसत नाहीत. सॅमसंगने २०१० मध्ये एनएक्स आणली आणि काही वर्षांत हा धंदाच सोडला. उलट ऑलिंपसने आपला कॅमेरा विभाग विकला, २०२१ पासून तो ओएम डिजिटल सोल्युशन्स या नावाने चालतो, तरी मायक्रो फोर थर्ड्स चालूच आहे. कारण हा माउंट एकट्या कंपनीचा नाही, पॅनासॉनिकही त्यावर कॅमेरे काढते. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एल माउंटसाठी हात मिळवले, त्याचाही फायदा असाच.

माझ्या मते नव्या ग्राहकाने विचारायचा पहिला प्रश्न हाच: या माउंटला आज किती कंपन्या लेन्स बनवतात? दुसरा, कॅमेरा बिघडला तर तो कुठल्या शहरात पाठवावा लागेल? तिसरा, बिल आणि वॉरंटी भारतातल्या अधिकृत विक्रेत्याची आहे का? बाहेरून आणलेला माल चार पैसे स्वस्त मिळतो, पण दुरुस्तीच्या वेळी त्याला वाली नसतो.

‘डीएसएलआर आता भंगार’

मुळीच नाही. नवी मॉडेल्स जवळपास थांबली आहेत, पण चांगल्या स्थितीतला सेकंड हँड डीएसएलआर आणि एक प्राइम लेन्स हा शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आजही सर्वांत शहाणा सौदा आहे. बॅटरीतही तो पुढे आहे: कंपनीच्या मोजणीने डी७५०० एका चार्जिंगवर ९५० फोटो देतो, झेड५० सुमारे ३२०. मिररलेस घेणाऱ्याने जादा बॅटरीचे पैसे किमतीतच धरावेत. आणखी एक, आरसा नसल्याने अनेक मिररलेसमध्ये लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. उन्हाळ्यातल्या आपल्याकडच्या फुफाट्यात लेन्स बदलायची झाली तर वाऱ्याकडे पाठ करा, बॉडीचे तोंड खाली धरा, आणि सेन्सरला रुमाल कधीही लावू नका.

लेणी, मंदिरे, घरचे सण आणि कधीमधी पक्षी एवढ्यासाठी कॅमेरा हवा असेल, तर फुल फ्रेमच्या मागे लागू नका. एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्सची मधल्या किमतीची बॉडी घ्या, वाचलेल्या पैशांत मोठ्या तोंडाची एक प्राइम लेन्स आणि मजबूत ट्रायपॉड घ्या. रात्रीचे समारंभ हाच तुमचा व्यवसाय असेल, तर फुल फ्रेमचा खर्च सार्थकी लागेल. दोन्हीपैकी काहीही ठरवा, पण पैसे मोजण्याआधी ओळखीच्या स्टुडिओतून तो कॅमेरा एक दिवस मागून घ्या आणि तुमच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या उजेडात वापरून बघा.